निरोप घेतलेल्या माणसाने कसे वागावे

माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो याला प्रवास म्हणतात, ही समजूत चुकीची आहे. माणसाला चारचौघांत रीतसर निरोप दिला जातो तेव्हा प्रवास सुरू होतो, आणि त्याच चारचौघांत त्याचं स्वागत होतं तेव्हा तो संपतो. मधल्या काळात तो माणूस नेमका कुठे होता, हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे. आमच्या वजनमापे कार्यालयाच्या निरोप व स्वागत समितीचा सचिव या नात्याने हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. (समितीला अध्यक्षही आहेत. ते मोठे साहेब आहेत, म्हणून काम मी करतो.)

आमच्या कार्यालयाचं काम म्हणजे बाजारातले काटे आणि वजनं तपासणं. किलोचं वजन किलोच भरतं ना, हे बघायचं आणि त्यावर शिक्का मारायचा. या कामात घाई चालत नाही, त्यामुळे निरोप द्यायला आम्हाला भरपूर वेळ मिळतो. बदली, बढती, बाळंतपण, मूतखडा, कशासाठीही जाणारा माणूस आमच्याकडून कोरडा गेलेला नाही. एका कारकुनाला तर दाढ काढायला जाताना आम्ही पुष्पगुच्छ दिला होता. बिचाऱ्याला गाल सुजल्यामुळे बोलता येत नव्हतं, पण डोळे भरून आले होते. (समितीच्या पाहणीनुसार निरोपाच्या वेळी डोळ्यांत पाणी येण्याचं प्रमाण शेकडा ऐंशी आहे. उरलेले वीस मागच्या दाराशी चहाच्या टेबलाजवळ असतात.)

अशा या कार्यालयात निवांतरावांनी एके दिवशी जाहीर केलं की ते मोटारसायकलवरून एकटेच देश बघायला निघणार आहेत.

निवांतराव हे काही त्यांचं खरं नाव नाही. कुठलंही काम सांगितलं की ते "करू की, निवांत" असं म्हणत, म्हणून आम्ही ठेवलेलं. माणूस चांगला. बाजाराच्या पलीकडे जो पूल आहे तिथे आमच्या कार्यालयाची हद्द संपते. पुलापलीकडची वजनं दुसरं कार्यालय तपासतं. निवांतराव सबंध नोकरीभर त्या पुलापर्यंत जायचे आणि तिथून परत फिरायचे. "पलीकडे काय आहे ते एकदा बघायचंय हो," ते मला म्हणाले. "कुठे पोचायचं ते ठरवायचं नाही. वाटलं तर गाडी चालवायची, वाटलं तर झाडाखाली बसायचं." जुनी मोटारसायकल त्यांनी घेतलीही होती, आणि मोठ्या साहेबांनी लांब रजा मंजूर केली होती. (मोठे साहेब अशी रजा एका माणसाला आयुष्यात एकदाच देतात. दुसऱ्यांदा मागणाऱ्याला ते पहिलीची आठवण करून देतात.)

हा बेत ऐकून आम्ही सगळेच हळहळलो. माणूस इतका बेजबाबदारपणे निघालाय म्हटल्यावर आपल्यालाच काहीतरी करायला हवं. एकट्याने जायचं तर चार माणसांना विचारून जावं, आणि आम्ही चाळीस माणसं होतो. जो तो मदतीला धावला. हिशेबनिसांनी पाणी गाळायचं यंत्र दिलं आणि ते ज्यात ठेवायचं ती बादली दिली. टंकलेखिका बाईंनी एक जाड स्वेटर दिला, आणि तो घालून उकडलं तर असू दे म्हणून एक पातळ. मोठ्या साहेबांनी निवांत बसता यावं यासाठी घडीची खुर्ची दिली. भांडारपालांनी इस्त्री दिली. शिपायाने दोरी दिली. (कशाला, हे त्याला सांगता आलं नाही. पण सगळ्या सामानात हीच एक वस्तू होती जिच्यावर कोणी हरकत घेतली नाही.) मी स्वतः निवांतपणाचं वेळापत्रक करून दिलं. रोज दुपारच्या जेवणानंतर थोडा वेळ निवांत व्हायचं. त्याआधी निवांत होण्यास मनाई.

मग सगळं सामान आम्ही कार्यालयाच्या मोठ्या काट्यावर चढवलं. त्याचं अधिकृत वजन केलं आणि बादलीवर शिक्का मारला. सामान निवांतरावांपेक्षा जड भरलं. म्हणजे कागदोपत्री बघायला गेलं तर देश बघायला सामान निघालं होतं आणि निवांतराव सोबतीला चालले होते.

निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी हे सामान गाडीवर बांधून पाहिलं. निवांतराव वर बसले मात्र, मागून 'कड्' असा आवाज झाला आणि गाडीने बूड टेकलं. गॅरेजचे मिस्त्री आले, उकिडवे बसले, बराच वेळ गाडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दोन्ही शॉकअप गेले. या गाडीचे आता मिळत नाहीत. मागवतो. उद्या-परवा येतील." (उद्या-परवा हे बाजारातलं एकमेव माप आहे, ज्यावर आमच्या कार्यालयाला अजून शिक्का मारता आलेला नाही.)

निवांतराव घाईघाईने माझ्याकडे आले. त्यांना मी घाईत पहिल्यांदाच पाहत होतो. "निरोप जरा पुढे ढकलता का?" म्हणाले. आता बघा, सभागृह घेतलेलं, फोटोवाला ठरलेला, मोठ्या साहेबांचं भाषण पाठ झालेलं. पाठ झालेलं भाषण आत ठेवलं की त्यांचं पित्त खवळतं, हे आख्ख्या कार्यालयाला माहीत आहे. मी निवांतरावांना शांतपणे समजावलं. "अहो, निरोप देणं हे समितीचं काम. जाणं हे तुमचं वैयक्तिक काम. दोन्हींची सरमिसळ कशाला करता?" त्यांना ते पटलं. निदान ते गप्प बसले, आणि समितीच्या कामकाजात त्याला संमती म्हणतात.

समारंभ असा झाला की विचारू नका. मोठे साहेब बोलले. मोठे साहेब बोलले त्याबद्दल मी बोललो. गाडी गॅरेजात असल्यामुळे निवांतरावांना शिपायाच्या स्कूटरवर बसवून फोटो काढला. शेवटी ते हेल्मेट घालून, पुष्पगुच्छ काखोटीला मारून चालतच फाटकाबाहेर पडले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही हात हलवत होतो. टंकलेखिका बाईंना तर हुंदका आवरेना. कोपऱ्यावर वळून निवांतराव घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेबनीस दूध आणायला निघाले, तर रांगेत पुढे निवांतराव. हिशेबनिसांच्या हातातली पिशवीच गळून पडली.

"अहो, तुम्हाला काल निरोप दिला ना?"

"दिला की."

"मग?"

निवांतरावांनी दूध घेतलं आणि ते घराकडे वळले. हिशेबनीस तडक माझ्याकडे आले. चेहरा पार उतरला होता. "मी काल रडलो हो," ते म्हणाले. "आता त्याचं काय करायचं?"

प्रश्न रास्त होता. आज हिशेबनिसांचं रडणं वाया गेलं, उद्या सगळ्यांचंच गेलं असतं, आणि परवा निरोपाला कोण येणार? समितीची तातडीची बैठक झाली आणि निरोप घेतलेल्या, परंतु अद्याप न गेलेल्या माणसासाठी आचारसंहिता ठरली. असा माणूस गावात राहू शकतो, पण दिसू शकत नाही. बाहेर पडायचं तर डोक्यावर हेल्मेट हवं आणि काच खाली हवी. ओळखीचं कोणी भेटलं तर त्याने परक्यासारखा पत्ता विचारावा, आणि ओळखीच्याने तो नीट सांगावा. खरेदी प्रवाशाला शोभेल एवढीच करावी. एखादं केळं चालेल. पाच किलो कांदे घेणाऱ्याला प्रवासी म्हणता येत नाही. नळाला पाणी आलं नाही तर त्याने तक्रार करू नये, कारण त्याचा आता गावाशी संबंध उरलेला नाही. (हे शेवटचं कलम निवांतरावांना फार आवडलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.)

आचारसंहिता लगेच लागू झाली आणि मला सांगायला अभिमान वाटतो की गावाने ती काटेकोर पाळली. एकदा संध्याकाळी मी घरी चाललो होतो, तर निवांतराव त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी हेल्मेट घालून उभे.

"दादा," त्यांनी विचारलं, "इथे मुक्कामाला कुठे जागा मिळेल का?"

"मिळेल की. सरळ जा, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे वळा, निळं दार आहे. बाई जरा कडक आहेत, पण जेवण चांगलं असतं."

"उपकार झाले. गाव छान आहे हो तुमचं."

"असू दे, असू दे," मी म्हणालो, आणि मला उगाचच बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला हे कोणी म्हणालं नव्हतं.

त्या कडक बाई, म्हणजे आमच्या वहिनी, मात्र आचारसंहितेवर खूश नव्हत्या. मला बाजारात गाठून त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. "भाऊजी, हे काय खूळ काढलंय तुम्ही? माणूस घरात असून नसल्यासारखा. सिलिंडर आला, म्हटलं जरा उचला, तर म्हणतात मी गेलोय. सासूबाईंचा फोन आला की मला सांगायला लावतात, पोचले की कळवतील. आणि जेवायला मात्र दोन्ही वेळा हजर!"

"वहिनी, शॉकअप आले की जातीलच. उद्या-परवा—"

"येऊ देत एकदाचे ते मेले शॉकअप." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "त्यांना जाऊ दे हो भाऊजी. लग्न झाल्यापासून त्या पुलापलीकडच्या गप्पा ऐकतेय. या रजेत नाही गेले ना, तर ते परत कधी जायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

यावर काय बोलायचं ते आचारसंहितेत नव्हतं. मी मान हलवली आणि कोथिंबीर घेतली.

इकडे कार्यालयात निवांतरावांचा भाव रोज वाढत होता. ते होते तेव्हा त्यांच्याबद्दल महिन्याकाठी सरासरी अर्धा चांगला शब्द निघत असे. ("बरे आहेत, पण".) गेल्यापासून हे प्रमाण पन्नासपट झालं. त्यांच्यासारखा शिक्का कोणी मारत नाही, त्यांच्यासारखं ऐकून कोणी घेत नाही, असं लोक चहाच्या टपरीवर उभं राहून हळव्या आवाजात बोलत. शेजारी हेल्मेट घातलेला एक प्रवासी काच जरा वर करून बशीतला चहा पीत असे. एकदा तो प्रवासी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी एवढा चांगला होतो हे मला कोणी आधी सांगितलं नाही." मी त्याला गिरणीवरून डावीकडे जायला सांगितलं.

निवांतराव रोज सकाळी गॅरेजवर जात. मिस्त्री रोज "उद्या-परवा" म्हणत. मग ते दिवसभर गावात हिंडत. घरी कामं नाहीत, कार्यालय नाही, कोणी हाक मारत नाही. असं करता करता रजा संपत आली. रजेच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गॅरेजकडून गेलो. गाडी मागचं बूड टेकून तशीच उभी होती. समोरच्या बाकावर निवांतराव बसले होते. मला बघून त्यांनी पत्ता विचारला नाही.

"मला खरंच जायचं होतं हो," ते म्हणाले.

हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली होती. मला वाईट वाटलं. समितीच्या सचिवाला वाईट वाटण्याची नियमांत तरतूद नाही, तरी वाटलं. पण भावना एकीकडे आणि सभागृह एकीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं स्वागत ठरलेलं होतं.

"अहो, पण मी गेलोच नाही!" असं ते म्हणाले, हे मी नमूद करतो. मी त्यांना सांगितलं की आजवर आम्ही ज्यांचं स्वागत केलं, त्यातल्या कोणाकडेही गेल्याचा पुरावा मागितलेला नाही. एकदा मागायला लागलो तर पंचाईत होईल.

स्वागत निरोपापेक्षाही रंगलं. लोकांनी निवांतरावांना मिठ्या मारल्या. "किती गोरे झालात!" टंकलेखिका बाई म्हणाल्या. (हेल्मेटमुळे.) मोठ्या साहेबांनी त्यांना चार शब्द बोलायचा आग्रह केला. निवांतराव खोटं बोलणारे नव्हेत. जे पाहिलं तेवढंच त्यांनी सांगितलं. एका ठिकाणी एक म्हातारा भिंतीला टेकून छत्र्या दुरुस्त करतो. छत्री धड असली तरी लोक त्याच्याजवळ येऊन बसतात, कारण तो मध्ये बोलत नाही. एका शाळेची घंटा तडकली आहे, म्हणून शाळा सुटायची वेळ झाली की तिथल्या बाई खिडकीशी येऊन गाणं म्हणतात आणि पोरं त्या गाण्यावर नाचत बाहेर पडतात. एका गल्लीत परक्या माणसाने काहीही विचारलं तरी लोक आधी पाणी देतात आणि मग उत्तर.

"काय देश आहे!" हिशेबनीस डोळे पुसत म्हणाले. मोठे साहेब तर गहिवरलेच. "अशी माणसं आपल्याकडे का नाहीत हो?" त्यांनी जाहीरपणे विचारलं, आणि सगळ्यांनी खेदाने माना हलवल्या. छत्रीवाला म्हातारा आमच्या कार्यालयाच्या मागच्या भिंतीला टेकून बसतो. पण स्वागताच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शनाखेरीज सचिवाला बोलता येत नाही.

समारंभानंतर ज्याचं त्याचं सामान ज्याला त्याला परत गेलं. यंत्र, बादली, स्वेटर, खुर्ची, इस्त्री. दोरीसुद्धा. निवांतराव आपल्या टेबलाशी बसले आणि वजनांवर शिक्के मारू लागले. कोणी त्यांच्याकडे बघेना. परत आलेल्या माणसात बघण्यासारखं काय असतं?

त्याच दिवशी दुपारी त्यांचा फोन वाजला. मिस्त्री होते. शॉकअप आले होते.

निवांतरावांनी फोन खिशात ठेवला. हातातलं वजन पुसून जागेवर ठेवलं. पेनाचं टोपण उघडंच राहू दिलं, पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली, पंखा बंद केला नाही. "चहा घेऊन येतो," म्हणाले, आणि गेले.

आमच्या कार्यालयात हजर असायला उघडं पेन, चालू पंखा आणि खुर्चीला अडकवलेली पिशवी यापेक्षा जास्त काही लागत नाही. कोणी निवांतरावांना विचारत आलं की सगळे एका सुरात सांगत, "आत्ताच तर इथे होते." दुसऱ्या दिवशीही ते आत्ताच तिथे होते. दुसऱ्या महिन्यातही होते. शिपाई इमानेइतबारे त्यांच्या टेबलावर चहा ठेवायचा आणि थोड्या वेळाने रिकामा कप उचलायचा. (मधल्या काळात तो चहा कोण पीत असे याची चौकशी केलेली नाही, कारण चहा वाया जात नव्हता.)

खरं कळलं ते मला पिठाच्या गिरणीत. वहिनी डबा घेऊन उभ्या होत्या. मी सहज म्हणालो, "निवांतराव हल्ली टेबलावर सापडत नाहीत."

"सापडतील कसे? गेलेत ना."

"कुठे?"

"देश बघायला. काल फोन होता. कुठल्याशा डोंगरावर बसले होते, ढग म्हणे पायाखाली. मला म्हणाले, खाली उतरावंसं वाटत नाहीये. म्हटलं, मग नका उतरू, कोण तुमची वाट बघतंय तिथे? मी मजेत आहे." आणि वहिनी इतक्या खदखदून हसल्या की गिरणीवाल्याने गिरणी थांबवली.

"वहिनी, पण त्यांचं तर स्वागत झालं!"

"झालं ना! म्हणून तर सुटले."

मी पीठ न घेताच घरी आलो. समितीपुढे असा प्रसंग कधी आला नव्हता. स्वागत झालेल्या माणसाला पुन्हा निरोप देता येत नाही, आणि निरोप न दिलेल्या माणसाला गेलेला धरता येत नाही. मी ही गोष्ट मोठ्या साहेबांच्या कानावर घालायचं ठरवलं होतं. पण त्याच आठवड्याच्या बैठकीत साहेबांनी बाकीच्यांना झापता झापता निवांतरावांच्या खुर्चीकडे बोट केलं. "यांच्याकडून शिका जरा! परत आल्यापासून एक शब्द नाही. कसे गप्प बसून काम करतात!" सगळ्यांनी खुर्चीकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. इतक्या सगळ्या लोकांनी बघितल्यावर आपण एकट्याने न बघणं बरं दिसत नाही.

निवांतराव अजून परत आलेले नाहीत, आणि तक्रार म्हणाल तर कोणाचीच नाही. मात्र या प्रकरणानंतर समितीने आपलं मत बदललं आहे. एकट्याने निवांत देश फिरायचा तर गाडी, सामान आणि सल्ला या दुय्यम गोष्टी आहेत. मुख्य तयारी वेगळीच असते, आणि ती माणसाला स्वतःला करता येत नाही. आजूबाजूचे लोकच ती वर्षानुवर्षं, त्याच्या नकळत, त्याच्यासाठी करत असतात. ती कुठवर आली आहे हे बघायचं एक साधं माप आम्ही तयार केलं आहे, आणि वाचकांच्या सोयीसाठी ते इथे विनामूल्य देत आहोत.

आज कामावरून घरी जा. दारात चपला काढताना आतून कोणीतरी मान वर न करता विचारेल, "आलात का?" उत्तर देऊ नका. तिथेच उभे राहा आणि दुसऱ्यांदा कोणी विचारतं का ते बघा. विचारलं, तर मुकाट्याने आत जा, हातपाय धुवा आणि देशाचा नाद सोडा. नाही विचारलं, तर वाईट वाटून घेऊ नका. तुमची तयारी केव्हाच पूर्ण झाली आहे.